घरटी एक हाड

कप खाली ठेवून ऐका हं. मागं हाच किस्सा सांगत होते तेव्हा शेजारच्या वहिनींनी हसता हसता अख्खा चहा सोफ्यावर उपडा केला, आणि सोफा माझा होता. आधीच सांगते, फजिती माझीच आहे. दुसऱ्या कुणाची असती तर याहून खुलवून सांगितली असती!

तर, मी सोलापुरातल्या एका संग्रहालयात काम करते. कुठल्या ते विचारू नका, आमचे साहेब अजून नोकरीत आहेत. मी तिथं जीवाश्म सांभाळते. म्हणजे असं बघा, हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या जनावराचं हाड नदीच्या गाळात रुतून बसतं आणि हळूहळू त्याचा दगड होतो. तो जीवाश्म. आपल्या सीना-भीमेच्या काठानं कधीकाळी हत्ती फिरत होते, माहीत होतं तुम्हाला? नव्हतं ना? कुणालाच नसतं. म्हणून तर माझी नोकरी आहे.

या विषयाचं मराठीतलं नाव पुराजीवशास्त्र. माझं लग्न ठरत होतं तेव्हा बैठकीत वडिलांनी ते नाव उच्चारायचा बराच प्रयत्न केला. प्रत्येक वेळी गाडी 'पुराजी'पर्यंत यायची आणि थांबायची. शेवटी सासऱ्यांनी विचारलं, "पण मुलगी नेमकं करते काय?" वडील घामाघूम. म्हणाले, "हाडांची... हाडांची डॉक्टर आहे."

खोटं काय होतं त्यात? पीएच.डी. झालेली, म्हणजे डॉक्टर खरी. हाडं तर खरीच. मी दारामागून ऐकत होते. खुलासा करायला बाहेर पाऊल टाकणार, एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई! आमच्या घरात सगळ्यांचेच गुडघे दुखतात."

आता बाहेर येऊन काय सांगणार? की मी गुडघे बघते, पण माणूस मेल्यावर? आणि तेही माणसाचे नाही, हत्तीचे? लग्न झाल्यावर सासूबाईंना सगळं समजलं, त्या हसल्याही. पण बाहेर मात्र 'हाडांची डॉक्टर' हेच नाव पक्कं झालं. मीही नंतर समजावून सांगणं सोडून दिलं. किती जणांना सांगणार?

हे नाव गावभर करण्यात सगळ्यात मोठा वाटा माझ्या धाकट्या दिरांचा, मल्लू भावजींचा. त्यांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळं भावजींना हळू बोलताच येत नाही. ते कानात सांगायला लागले तरी शेजारच्या युनिटमधले कामगार मान वर करतात. एक दिवस त्यांच्या कारखान्यात कुणाच्या तरी पाठदुखीचा विषय निघाला आणि भावजी गरजले, "आमच्या वहिनी हाडांच्या डॉक्टर हायत! लई मोठ्या! सरकारी माणसं त्यांना विचारायला येतात!"

येतात की. वीजबिल भरलं का म्हणून विचारायला.

ते कामगारांपैकी एकानं ऐकलं आणि आपल्या गावच्या सरपंचांना सांगितलं. गाव दक्षिण सोलापुरातलं, सीनेच्या काठाला. मला यातलं काहीच माहीत नाही. मी वेगळ्याच काळजीत होते.

काळजी अशी की साहेबांनी माझं दालन बंद करायचं मनावर घेतलं होतं. साहेब माणूस वाईट नाही, पण व्यवहारी. म्हणाले, "मॅडम, तुमच्या दालनात माणूस येतो तो फक्त पंख्याखाली बसायला. तिथं आपण चादरींचं दालन करू. सोलापूरला आलेला माणूस चादर बघेल, की हत्तीचं ढोपर बघेल?"

"साहेब, ढोपर नाही, मांडीचं हाड आहे ते. खालचं टोक."

"तेच ते. काहीतरी मोठं आणा, मग बघू."

काहीतरी मोठं! अहो, मी उभं आयुष्य नदीकाठच्या दरडी खरवडण्यात घालवलं होतं. उन्हात उकिडवी बसून, हातात ब्रश घेऊन. मिळतं ते तुकड्यांनी मिळतं. मोठं काय मी घरी करून आणू?

आणि त्याच दुपारी फोन वाजला.

"हॅलो, हाडांच्या डॉक्टर मॅडम बोलताव का?"

"हो, बोला की."

"नमस्कार. मी सीनाकाठनं सरपंच बोलतोय. समदी मला तात्याच म्हनत्यात. मॅडम, आमच्या गावात हाडं लई हायत बगा."

माझ्या हातातला ब्रश जागच्या जागी थांबला.

"लई म्हणजे किती, तात्या?"

"घरटी एक हाय म्हना की. काय काय घरात तर दोन-दोन."

घरटी एक! मी खुर्चीतून उठून उभी राहिले. गावातल्या लोकांनी नदीकाठची हाडं उचलून घरात नेऊन ठेवली असणार, दुसरं काय? मनातल्या मनात मी तो सगळा काठ खणायलासुद्धा सुरुवात केली.

"जुनी आहेत का हो?"

"जुनीच की. काय काय तर लई म्हंजे लईच जुनी."

"अख्खी आहेत, की मोडलेली?"

"झिजलेली हायत, वाकडी झालेली हायत. एक-दोन मोडून परत जुळलेली बी हायत."

मोडून जुळलेलं हाड! तुम्हाला नाही कळायचं यातलं सुख. म्हणजे जनावर जखमी झालं, आणि तरी जगलं! असं एक हाड मिळालं तर आमच्या धंद्यातली माणसं त्यावर अख्खा प्रबंध लिहितात.

"तात्या, हे बघा, त्यांना कुणी हलवू नका."

"हलतंय कोन! समदी जाग्यावरच पडून हायत."

"आणि वरून काही लावू नका."

"तेल लावत्यात की रोज."

"तेल?" मी इतक्या जोरात ओरडले की दालनात पंख्याखाली झोपलेला एक माणूस उठून बाहेर गेला. "कुणी सांगितलं तेल लावायला? आधी बंद करा! भेगांत मुरतं ते, मग काही करता येत नाही!"

"बंद करतो, मॅडम. आन् शेक?"

"शेक तर अजिबात नको! तडकतात!"

मग तात्या मोठ्या आदरानं म्हणाले, "मॅडम, आजपतोर कुनी डॉक्टरानं आमाला इतकं खडसावून सांगितलं न्हवतं. तुमीच पायजे बगा. रविवारी येताव का? समद्यांना एका जागी गोळा करून ठेवतो."

"येते! प्लास्टरचं सगळं सामान घेऊनच येते."

"आता बगा! आमी त्येच म्हननार हुतो!"

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढं शिकलेली तू, एकदाही शंका आली नाही? नाही आली! माणसाला ज्याची वाट बघायची सवय असते ना, तेच त्याला ऐकू येतं. मी धावत साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, घरटी एक!"

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "मी पण येतो."

रविवारी सकाळी आमची जीप निघाली. मागं खणलेलं हाड वाटेत फुटू नये म्हणून त्यावर चढवायचं प्लास्टर, छिन्न्या, हातोड्या, ब्रश, एक लहान करवत, सुतळी आणि रिकामी पोती. एका लाकडी पेटीत माझं ते हत्तीच्या मांडीचं हाड. म्हटलं, गावकऱ्यांना नमुना दाखवू. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वाटेत ते नव्या दालनाच्या उद्घाटनाला कुणाकुणाला बोलवायचं याचा विचार करत होते.

गावाच्या वेशीवर फ्लेक्स! 'हाडांची मोफत तपासणी. सोलापूरच्या सुप्रसिद्ध हाडांच्या डॉक्टर आपल्या गावी.' शेजारी माझा फोटो. भावजींनी पाठवलेला, त्यांच्या लग्नातला. हातात आइस्क्रीम, तोंड अर्धं उघडं. पण मजकूर वाचून माझे डोळे भरून आले. हाडांची तपासणी! जीवाश्मांसाठी फ्लेक्स लावणारं गाव मी पहिल्यांदाच बघत होते.

"किती जाणकार लोक आहेत," मी म्हटलं.

"लोकशिक्षणाचा परिणाम," साहेब म्हणाले.

शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या होत्या आणि त्यावर गावातली सगळी म्हातारी माणसं बसली होती. कुणी पाय लांब करून, कुणी भिंतीला टेकून, कुणी काठी मांडीवर आडवी ठेवून. बऱ्याच जणांच्या हातात पिशव्या. तात्या पुढं आले. उंच, पांढरी टोपी, मोठा आवाज.

"हाडं कुठं आहेत, तात्या?" मला धीरच नव्हता.

"ही काय, बसलीत की समदी!" तात्यांनी हात पसरून म्हाताऱ्या मंडळींकडं दाखवलं.

मी पिशव्यांकडं बघितलं. अच्छा, प्रत्येकानं आपापलं हाड पिशवीत घालून आणलंय तर!

टेबलावर मी एकेक हत्यार मांडायला लागले. पुढं बसलेल्या एका झुपकेदार मिशीवाल्या आजोबांचे डोळे छिन्नीवर खिळले.

"ती छिन्नी कशापायी ओ?"

"हाडाला चिकटलेला थर काढायला, आजोबा. वरून हळूहळू ठोकत गेलं की निघतो."

"हातोडीनं?"

"मग? वेळ लागतो, पण निघतो."

"दुकत न्हाय का?"

"दुखतो ना, हात. पण मला सवय झालीय."

आजोबा उठले. "म्हशीला पानी दावायचं ऱ्हायलंय," म्हणाले आणि गेले. चांगले ताडताड चालत गेले.

"आन् ही पोती?" कुणीतरी मागून विचारलं.

"हाडं भरून न्यायला."

मागची एक ओळ उठून गेली. मला वाटलं, ऊन आलं असेल तिकडं.

पहिला नंबर गंगव्वांचा. किरकोळ अंगाच्या, हिरवं लुगडं, कपाळावर विभूतीचे पट्टे. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. सुनेनं दंडाला धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

"काय आणलंय, अव्वा?"

"गुडगा."

"वा! कुठल्या बाजूचा?"

"डावा."

"पूर्ण आहे का?"

"पूर्नच की. पर लई आवाज करतोय."

मी टाळीच वाजवली! खऱ्या जीवाश्माची खूणच ती. टिचकी मारली की दगडासारखा वाजतो. "आवाज करतो म्हणजे फारच छान! दगड झालाय त्याचा."

"हौद री, व्हय, दगडच झालाय!" गंगव्वा मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आयका! सून म्हनती, अव्वा सोंग करत्या!"

सून तोंड फिरवून उभी राहिली.

"तुमच्याकडं कधीपासून आहे हा?"

गंगव्वांनी माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघितलं. "जल्मापासनं."

"म्हणजे वडिलोपार्जित!"

"अमूल्य!" साहेब मागून पुटपुटले.

आता मी उभी राहिले. मला सांगा, अशा वेळी भाषण केल्याशिवाय राहवतं का? "अव्वा, हा गुडघा आता तुमच्या एकटीचा नाही. सगळ्या देशाचा आहे. आज आम्ही तो नीट सोडवून घेऊ, वरून प्लास्टर करू, पोत्यात गुंडाळून जीपनं सोलापूरला नेऊ. तिथं काचेच्या पेटीत ठेवू, खाली तुमचं नाव लिहू. तुम्ही कधीही या, बघा. तुम्हाला तिकीटसुद्धा लागणार नाही."

व्हरांड्यातले लांब केलेले पाय एकेक करून आखडले गेले.

"आन् मी घरला कशी जाऊ?" गंगव्वांनी बारीक आवाजात विचारलं.

"तुम्हाला जीपनं सोडू की!" साहेब उदारपणे म्हणाले.

"ब्याड री, ब्याड! नगं मला!" गंगव्वा खुर्चीतून अशा उसळल्या, की ज्या बाईला दंड धरून आणावं लागलं होतं ती दोन उड्यांत खांबामागं! "तात्या! ही बाई माजा गुडगा कापून न्हेत्या ओ!"

मग जो कल्लोळ झाला म्हणता! कुणी काठ्या शोधतंय, कुणी चपला. एक आजी तर सतरंजीखाली पाय लपवून बसल्या. आणि मी? मी गंगव्वांच्या हातांकडं बघत होते. रिकामे. मग त्यांच्या पायांकडं बघितलं. मग तेल आठवलं. मग शेक आठवला. डोक्यात एकेक दिवा लागत गेला, आणि प्रत्येक दिव्यासरशी माझा चेहरा आणखी पडत गेला.

साहेब माझ्या कानाशी वाकले. "मॅडम," ते अगदी हळू म्हणाले, "ही हाडं अजून माणसांच्या आत आहेत."

जीप समोरच उभी होती. पळून जायचा विचार आला का? आला. खोटं कशाला बोलू? पण पळणार कुठं, वेशीवर आइस्क्रीम खातानाचा फोटो लागलेला!

मी तात्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. मी माणसांची डॉक्टर नाही. मी मेलेल्या जनावरांच्या हाडांची डॉक्टर. तात्यांचा चेहरा उतरला. रागावले असते तर परवडलं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमचा फोन झाल्यापासनं समद्यांनी तेल आन् शेक बंद केलाय. तुमी सांगितलं म्हनून. मानसं कन्हत पडल्यात घराघरात."

तिथं मात्र माझं हसू संपलं. बरं का, फजिती आपली आपल्यापुरती असते तोवर गंमत असते. इथं गावभरचे गुडघे माझ्या एका वाक्यावर चार दिवस ठणकत होते. आणि ती म्हातारी माणसं, शेतावरचं काम टाकून, कुणी नातवाच्या पाठुंगळी बसून, माझ्यासाठी तिथं आली होती.

मी सतरंजीवर मधोमध जाऊन उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं, "चूक माझी आहे. तात्यांची नाही. तुम्ही कुणी उठू नका. मी आत्ता, तुमच्यासमोर, खऱ्या डॉक्टरला फोन लावते."

माझा शाळेतला वर्गमित्र सतीश सोलापुरात हाडांचा डॉक्टर आहे. खराखुरा. फोन लावला, स्पीकर चालू केला, आणि काय झालं ते सांगितलं. पलीकडून आधी काही आवाजच येईना. मग कळलं, तो हसतोय. बराच वेळ हसला. व्हरांड्यातल्या दोन-तीन आज्यापण त्याच्याबरोबर हसायला लागल्या, का ते त्यांनाही माहीत नसावं.

"मंडळी, ऐकू येतंय का?" सतीश शेवटी म्हणाला. "तेल लावा. शेक घ्या. आणि या बाईचं काहीही ऐकू नका! पुढच्या रविवारी मी स्वतः येतो. फुकट तपासतो. हिच्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून."

"कापनार न्हाय न्हवं?" खांबामागून गंगव्वा.

"नाही, अव्वा."

"मग या."

एकदम वातावरण निवळलं. तात्यांनी चहा सांगितला. आता माणसं आलीच आहेत, बसलीच आहेत, तर म्हटलं आपलं तरी काहीतरी दाखवावं. लाकडी पेटी उघडली आणि हत्तीचं हाड टेबलावर ठेवलं. चांगलं मोठं, दोन्ही हातांनी उचलावं लागतं असं. जवळ कुणी येईना. पण गंगव्वांना राहवेना. खांबामागून एकेक पाऊल टाकत आल्या आणि हाडावर तळवा ठेवला.

"ह्ये काय?"

"हत्तीचा गुडघा. म्हणजे गुडघ्याचा वरचा भाग. इथं सीनेच्या काठालाच मिळाला होता. हजारो वर्षांपूर्वीचा. आणि ही बाजू बघा अव्वा, हाताला कशी खरखरीत लागते. हत्ती म्हातारा होता. झिजला होता त्याचा गुडघा."

"ह्येचा बी?"

"हो, ह्याचाही."

"दुकत असंल की."

"दुखत असणार."

गंगव्वांनी हाडावरून हात फिरवला, एखाद्या आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग सगळेच आले. ज्यानं त्यानं आपला गुडघा चाचपायचा, मग हत्तीचा चाचपायचा. प्रश्न तरी किती! इथं हत्ती होते तर जंगल होतं का? नदी हीच होती का? मेला कशानं? माझ्या दालनात इतक्या वर्षांत कुणी विचारले नव्हते इतके प्रश्न त्या व्हरांड्यात विचारले गेले. साहेब कोपऱ्यात चहाचा कप धरून हे सगळं बघत होते.

तेवढ्यात म्हशीला पाणी दाखवायला गेलेले ते मिशीवाले आजोबा परत आले. कापाकापी रद्द झाल्याचं त्यांना कळलं होतं. हाड बघून म्हणाले, "असलाच येक दगड आमच्या रानाच्या कडंला हाय की ओ. ओढ्याच्या दरडीत. आमी त्येला म्हशीचं दावं बांदतो."

आम्ही सगळे निघालो. पुढं आजोबा, मागं मी, मागं साहेब, आणि मागं निम्मं गाव. ओढ्याची दरड, मातीचा पिवळा थर, त्याच्या खालच्या गोट्यांतून बाहेर आलेलं... अहो, शिंग होतं ते! जुन्या काळच्या रानबैलाचं शिंग. माझ्या हाताच्या दुप्पट लांब, बुडाशी मांडीएवढं जाड, आणि कवटीचा तुकडा अजून चिकटलेला. त्यावर दाव्याच्या घासणीनं गुळगुळीत झालेली एक खाच. इतका सुंदर नमुना मी आयुष्यात हाताळला नव्हता.

साहेबांच्या तोंडून "चादरी राहू द्या," एवढंच बाहेर पडलं.

तात्यांनी तिथल्या तिथं आजोबांना विचारलं, आजोबांनी दुसरा खुंट ठोकून द्यायच्या अटीवर शिंग द्यायचं कबूल केलं. जिंकले म्हणा ना! मी अशा थाटात उभी होते जणू काही सकाळपासून हे सगळं माझ्या योजनेनुसारच घडत होतं. म्हटलं, आता एक फोटो घेऊ. अख्खं शिंग यायला हवं. मी मोबाईल डोळ्यांसमोर धरला आणि एक पाऊल मागं सरकले. मग अजून एक.

तिसरं पाऊल ठेवायला जमीनच नव्हती.

ओढ्यात पडले ती थेट डाव्या गुडघ्यावर. वरून गंगव्वांचा आवाज आला, "अय्योय्यो! डाक्टरीन पडली!" मग काय, ज्या गावाला मी तेल बंद करायला लावलं होतं त्या गावानं मला तात्यांच्या ओट्यावर निजवून असं तेल चोळलं, असा शेक दिला, की विचारू नका. प्रत्येक जण चोळताना एकच वाक्य म्हणत होता, "बंद करायचं का, मॅडम?"

सोलापूरला येऊन सतीशकडं गेले. त्यानं एक्स-रे काढायला लावला आणि म्हणाला, "आत्ता दवाखान्यात गर्दी आहे. तू रविवारी येणारच आहेस ना माझ्याबरोबर? तिथंच बघू सावकाश."

तर पुढचा रविवार. तीच शाळा, तोच व्हरांडा. या वेळी खऱ्या डॉक्टरचं शिबिर, त्यामुळं शेजारच्या गावातलीही माणसं आलेली. सतीश टेबलाशी, मी बाजूला लंगडत उभी. गंगव्वांचा नंबर आला. त्यांनी पिशवीतून आपली एक्स-रेची फिल्म काढली, सुनेनं मधल्या काळात तालुक्याला नेऊन काढून आणली होती. माझीही फिल्म टेबलावरच होती. दोन्ही डाव्या गुडघ्याच्या, एकमेकींवर पडलेल्या.

सतीश हात पुढं करणार, तेवढ्यात मी म्हटलं, "थांब!"

का म्हटलं? अहो, मागच्या रविवारी याच लोकांसमोर माझी शोभा झाली होती. आज गावाला दाखवू तरी, की बाई अगदीच अडाणी नाही. हाड बघून वय सांगणं हा तर माझा हातखंडा! इतक्या वर्षांचा अनुभव काय उगाच आहे?

मी दोन्ही फिल्म उचलल्या आणि उजेडाकडं धरल्या. सगळे माना वर करून बघायला लागले.

"हा बघा माझा," मी पहिली फिल्म पुढं केली. "कडा कशा स्वच्छ आहेत! दोन हाडांमधली फट मोकळी आहे. पन्नाशीच्या आतबाहेरची बाई, पण रोज चालणारी, कामाची. आणि आता हा दुसरा बघा." मी चुकचुकले. "अरेरे. कडांना काटे आलेत. फट पार बुजून गेलीय. हा ऐंशीच्या घरातला गुडघा. बिचाऱ्या गंगव्वा! किती सोसत असतील."

सगळ्यांनी गंगव्वांकडं हळहळून बघितलं. सून तर पदर डोळ्याला लावायच्या बेतात होती.

सतीशनं माझ्या हातातून फिल्म घेतल्या. एक बघितली, दुसरी बघितली. मग कोपऱ्यात छापलेल्या नावावर बोट ठेवलं आणि ती फिल्म माझ्या डोळ्यांसमोर धरली.

"वाच," म्हणाला.

मी वाचलं. मनातल्या मनात.

"मोठ्यानं."

मी नाही वाचलं. त्यानंच वाचलं. काटे आलेला, फट बुजलेला, ऐंशीच्या घरातला तो गुडघा माझा होता. इतकी वर्षं नदीकाठी उकिडवी बसून बसून जुनी हाडं शोधत होते मी, आणि सगळ्यात जुनं हाड रोज माझ्याबरोबर चालत घरी येत होतं.

"आणि गंगव्वा," सतीश म्हणाला, "तुमचं हाड अगदी ठणठणीत आहे. दुखतंय ते स्नायूंचं. व्यायाम सांगतो, महिन्याभरात पळाल."

व्हरांड्यात एवढा हशा पिकला की शाळेची घंटासुद्धा किणकिणली असेल. मिशीवाले आजोबा भिंतीला धरून हसत होते. साहेब रुमालात तोंड लपवून.

एकट्या गंगव्वा हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत होत्या, मोठ्या मायेनं. मग खुर्चीचे हात धरून स्वतःच्या स्वतः उठल्या, मला दंडाला धरलं आणि आपल्या जागेवर बसवलं.

सुनेकडं वळून म्हणाल्या, "बगत काय हुबी ऱ्हायलीस? पानी आन की. म्हातारं मानूस हाय, किती वेळ हुबं ऱ्हाईल!"